इन्शुलिन मोजणारी प्रतिपिंडे

इन्शुलिन हे स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होणारे, ५१ अमिनो आम्लांचे संप्रेरक आहे. उपाशीपोटी एका मिलिलिटर रक्तद्रवात ते सामान्यतः ग्रॅमच्या एक अब्जांश भागाहूनही कमी असते. इतकी अल्प मात्रा मोजणे शक्य झाले ते प्रतिपिंडांमुळे.

न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांना असे आढळले, की प्राण्यांचे इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. एवढ्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होणे तेव्हा अशक्य मानले जाई. त्यामुळे १९५६ साली शोधनिबंधाच्या शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द गाळल्यावरच तो प्रसिद्ध झाला. उपचारातील हाच अडथळा पुढे मोजमापाचे साधन बनला. १९६० मध्ये या दोघांनी मानवी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत मांडली. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गिनीपिगचे स्वतःचे इन्शुलिन इतर सस्तन प्राण्यांपेक्षा बरेच वेगळे असल्याने त्याला गाय वा डुकराचे इन्शुलिन परके वाटते. ते ठरावीक अंतराने टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडे वाढतात. प्रत्येक प्राण्याचा प्रतिसाद भिन्न असल्याने सर्वांत घट्ट बांधणारा रक्तरस पारखून निवडावा लागतो. चाचणीत किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन व रुग्णाच्या रक्तातील इन्शुलिन मोजक्या प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करतात. रुग्णाचे इन्शुलिन जितके अधिक, तितके किरणोत्सारी इन्शुलिन कमी बांधले जाते.

या पद्धतीचा मुख्य दोष म्हणजे काही प्रतिपिंडे प्रोइन्शुलिन या पूर्वद्रव्यालाही इन्शुलिन समजतात. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टीन यांनी एकाच पेशीकुळातून एकसारखी प्रतिपिंडे मिळविण्याचे तंत्र शोधले. आता रेणूच्या दोन भिन्न ठिकाणी बसणारी प्रतिपिंडे वापरून ही गल्लत बरीच टाळता येते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे उत्पादन जाणण्यासाठी मात्र सी-पेप्टाइड मोजतात.

महाराष्ट्रात या मोजमापाने महत्त्वाची माहिती हाती आली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले, की पुणे परिसरातील नवजात बालके लंडनमधील गोऱ्या बालकांपेक्षा वजनाने लहान असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तात वजनाच्या मानाने इन्शुलिन अधिक असते. मधुमेहाची बीजे जन्माआधीच रुजत असावीत, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

नमुना हाताळण्यातील काळजीही तितकीच मोलाची आहे. तांबड्या पेशी फुटल्यास त्यांतील विकरे इन्शुलिन नष्ट करतात आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून रेडीसारख्या किनारी गावातून दूरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठविताना रक्तरस लवकर वेगळा करून थंड ठेवणे आवश्यक ठरते.