एक सूत्र हवेच का?

भोरला मराठी शिकविताना एक प्रश्न वर्षानुवर्षे माझ्यापुढे येतो : 'लेखकाचे जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगा.' गो. नी. दांडेकरांपाशी (१९१६–१९९८) मी अडतो. शेजारच्या वेल्ह्यातला राजगड त्यांचा जीव की प्राण. 'वाघरू' त्याच्याच अंगाखांद्यावर घडते. म्हणून त्यांना गडांचे, जुन्या निष्ठेचे लेखक म्हणावे, तर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' भाक्रा-नांगलच्या धरणावर! 'मोगरा फुलला'त ज्ञानदेव, 'जैत रे जैत'मध्ये डोंगरातले ठाकर. भक्ती हे सूत्र धरावे, तर धरण हातचे सुटते. सह्याद्री धरावा, तर पंजाब कुठे ठेवायचा?

हा माणूस सातवीतच शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात शिरला, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा पायी करून आला. 'स्मरणगाथा' याच भटक्या दिवसांची. तिला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. जिथे गेला तिथली माणसे अन् बोली त्याने उचलली. मला त्यात उणे दिसत नाही; विद्वानांना दिसो बापडे! तत्त्वज्ञान आधी ठरवून बसला असता, तर गडांत रमणारा हा गृहस्थ भाक्र्याला कशाला गेला असता?

मुलांना मी प्रत्येक कादंबरीतले गाव आणि तिथली माणसे लिहायला सांगतो. गुण जातात एखाद-दुसरा. जावोत.