भिंत नाय, कूड हाये

राजूरला ओळखीच्यांकडे लग्नाआधी रंगकाम निघालं, तेव्हा मी मदतीला गेलो. मदत म्हणजे खरवडणं. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागची जुनी. त्या मागच्या खोलीला आतून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं चिकटवलेली, माती अंगावर झडू नये म्हणून. पिठाच्या खळीने लावलेला कागद कोरडा ओढला तर कधीच सरळ निघत नाही. कोमट पाणी शिंपडायचं, खळ फुगू द्यायची, मग पत्री आडवी धरून हलक्या हाताने सारायची. मी घाई केली. पत्री उभी घुसली आणि हातभर पोपडा कागदासकट पायाशी आला. आत उभ्या कारवीच्या काठ्या, वाखाने एकमेकींना बांधलेल्या.

‘‘भिंत फुटली!’’ मी म्हणालो. चुलीपाशी बसलेल्या आजींनी मान वर केली. ‘‘भित नाय रं ती. कूड हाये.’’

आजींच्या लेखी फरक स्वच्छ होता. दगडविटांची ती भिंत, काठ्या लिंपून केलेला तो कूड. मलाही तो पटला. घरी येऊन कोश उघडला आणि पंचाईत झाली.

‘कूड’चं कुळ फारसं वादाचं नाही. संस्कृत ‘कुड्य’ म्हणजे भिंत, त्यातून कूड. ‘कुडास कान, ठेवी ध्यान’ ही म्हण अशाच घरात सुचलेली असणार. विटांच्या भिंतीला कान लावून काय ऐकू येणार? पण ‘भिंत’? ती आली ‘भित्ति’वरून, आणि ‘भित्ति’ आली ‘भिद्’ धातूवरून. भिद् म्हणजे फोडणे, चिरणे. ‘उच्च’चं उंच झालं आणि ‘उष्ट्र’चा उंट, तसाच भिंतीतला अनुस्वार मागाहून चिकटला. तो प्रश्न नाही. प्रश्न असा, की उभं राहायचं जिचं काम, तिच्या नावात फोडणं कशाला?

नेहमीचं उत्तर असं: भिंत जागेचे दोन भाग करते, आत आणि बाहेर वेगळं काढते, म्हणून ती भित्ति. ऐकायला छान, पण मला ते उत्तर बसून काढलेलं वाटतं. घर बांधणारा माणूस वस्तूला नाव देतो ते हातातल्या मालावरून. जागेच्या विभागणीचं तत्त्वज्ञान त्याला नंतर सुचतं. आणि माझ्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे. शतपथ ब्राह्मणात ‘भित्ति’ म्हणजे भिंत नव्हेच; चिरलेल्या बोरूंची चटई. महाभारतापर्यंत येता येता तोच शब्द मातीच्या नि दगडाच्या भिंतीला लागलेला दिसतो. मधला दुवा मी बेधडक असा लावतो: चटई उभी केली, वारा अडेना म्हणून तिला माती लिंपली, माती जाड होत गेली, आतली चटई विसरली गेली, नाव राहिलं. म्हणजे आजी ज्याला भिंत मानायला तयार नाहीत, तीच मूळची भिंत!

ही ओढाताण आपल्याकडेच झाली असंही नाही. जर्मन लोक खोलीच्या भिंतीला ‘वांट’ म्हणतात. तो शब्द ‘विंडेन’चा, म्हणजे वळणे-गुंफणे याचा भाऊबंद. इंग्रजी ‘वॉल’ लॅटिन ‘व्हॅलम’वरून आली, आणि त्याच्या मुळाशी ‘व्हॅलस’, म्हणजे कुंपणाचा खुंट. तिकडेही दगडाखाली काठ्याच निघतात.

अकोले तालुक्याच्या या डांगाणात काठ्या अजून विसरल्या गेल्या नाहीत, त्याला कारण कारवी. सात-आठ वर्षांनी ती एकदाच फुलते, बी पडतं, झाड वाळतं. वाळलेल्या सरळ काठ्या कुडाला आयत्या मिळतात. वर शेणमातीचा लेप, आणि शेणाला इथे डांगी जनावरं आहेतच.

लेपाच्या नावांचीही गंमत आहे. कूड ‘लिंपतात’, हा शब्द संस्कृत ‘लिप्’चा. विटांच्या भिंतीला मात्र ‘गिलावा’. हिंदीतल्या ‘गीला’वरून, म्हणजे ओलं लावतात म्हणून गिलावा, असं एका जाणत्या गवंड्याने मला समजावलं. मराठीत आपण ‘ओला’ म्हणतो; गीला इथे रुजलाच नाही, तर त्याचा गिलावा कुठून होणार? फारसीत ‘गिल’ म्हणजे चिखल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गिलाबा’ म्हणजे कालवलेली माती. या जिल्ह्यात तो 1490 मध्ये उभ्या राहिलेल्या निजामशाहीच्या बांधकामांवर गवंड्यांच्या तोंडी बसला असावा, हा माझा अंदाज. आज सिमेंट-वाळूलाही आपण चिखलपाणीच म्हणतो! पुढे चुना, नीळ, डिस्टेंपर, प्लॅस्टिक पेंट. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रंगाऱ्याने मी पाडलेल्या भोकात लांबी भरून पाहिली. दुसऱ्या दिवशी कडेने चीर गेली. कारवी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबी ताठ, ती तिच्याबरोबर हलत नाही. शेवटी आजींनीच भुसा घालून शेणमाती कालवून दिली. ती वाळल्यावर वरून चुन्याचे दोन हात मारले. लांबीचा उरलेला डबा पुढच्या खोलीच्या विटांवर संपला.