बंद दफनभूमी आणि युद्धस्मारके: इंग्लंडमध्ये देखभाल कोणाची?

नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. २ नोव्हेंबरला आपण आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. इंग्लंडमध्ये त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावोगावच्या युद्धस्मारकांपाशी धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचे स्मरण केले जाते. अनेक गावांत चर्चच्या आवारातील जुनी दफनभूमी आणि युद्धस्मारक अगदी शेजारी-शेजारी असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांची स्थिती भिन्न आहे. दफनभूमीची देखभाल स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक होऊ शकते. स्मारकाची देखभाल करावी की नाही, हे कौन्सिलच्या इच्छेवर सोडलेले आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे ‘पॅरिश कौन्सिल’ म्हटले की धर्मग्रामाची सल्लागार समिती डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमध्ये ‘पॅरिश कौन्सिल’ ही साधारणपणे आपल्या ग्रामपंचायतीसारखी निवडून आलेली नागरी संस्था आहे. ती १८९४ च्या कायद्याने अस्तित्वात आली. अँग्लिकन चर्चचा कारभार पाहणारी समिती वेगळी असून तिला ‘पॅरोकियल चर्च कौन्सिल’ म्हणतात. या लेखात पहिलीला पॅरिश कौन्सिल आणि दुसरीला चर्च समिती असे म्हटले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनसारख्या शहरांतील चर्चची आवारे मृतदेहांनी अक्षरशः भरून गेली होती. डॉ. जॉर्ज वॉकर यांनी १८३९ साली आणि एडविन चॅडविक यांनी १८४३ साली या भीषण अवस्थेकडे सरकारचे लक्ष वेधले. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीनंतर तर उपाय टाळणे अशक्य झाले. १८५२ च्या कायद्याने लंडनमधील आणि १८५३ च्या कायद्याने लंडनबाहेरील दफनभूमी राजाज्ञेने बंद करण्याची व्यवस्था झाली. बंद केलेल्या जागेची निगा राखण्याचा खर्च स्थानिक करातून देण्याची तरतूद १८५५ साली करण्यात आली. कौन्सिलच्या आजच्या जबाबदारीचे मूळ तेथे आहे.

सध्याचा आधार म्हणजे १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट कायद्याचे कलम २१५. राजाज्ञेने बंद झालेली दफनभूमी नीटनेटकी ठेवणे आणि तिच्या भिंती व कुंपणे दुरुस्त राखणे हे मुळात चर्च समितीचेच कर्तव्य आहे. परंतु समिती लेखी विनंती करून ते पॅरिश कौन्सिलकडे सोपवू शकते. जेथे पॅरिश कौन्सिल नाही तेथे विनंती वरच्या स्थानिक कौन्सिलकडे जाते. तीन महिने उलटले की जबाबदारी हस्तांतरित होते. कौन्सिलला नकार देता येत नाही. पॅरिश कौन्सिलला फक्त एक वाट मोकळी असते: त्या तीन महिन्यांत ठराव करून, लेखी कळवून, हे ओझे डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे पुढे ढकलणे. एकदा स्वीकारलेली जबाबदारी चर्चकडे परत पाठवण्याची तरतूद कायद्यात नाही. लहान गावाच्या कौन्सिलला ढासळत्या दगडी भिंतीचा खर्च किती जड जात असेल, याची कल्पना ग्रामपंचायतीचा कारभार जवळून पाहिलेल्यांना सहज येईल. म्हणूनच सुज्ञ चर्च समितीने विनंतीचा कागद पाठवण्यापूर्वी, कौन्सिलचे अंदाजपत्रक ठरण्याआधीच बोलणी करणे इष्ट होय.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. जागा भरली म्हणून दफने थांबली, एवढ्याने दफनभूमी कायद्याने ‘बंद’ ठरत नाही. तशी रीतसर राजाज्ञा निघावी लागते. आज्ञा नसेल तर कलम २१५ लागू होत नाही आणि गवत कापण्याचे काम चर्चकडेच राहते.

जबाबदारी गेली तरी मालकी जात नाही. जमीन चर्चचीच, आशीर्वादित भूमीच राहते. तेथे काही बदल करायचा तर कौन्सिललाही अँग्लिकन धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी घ्यावी लागते. कबरीवरील शिळा ही ती उभारणाऱ्याची व त्यानंतर वारसांची मालमत्ता असते. मात्र ती कोसळून कोणाला इजा होऊ नये याची काळजी देखभाल करणाऱ्याने घ्यायची असते.

कॅथलिकांचे काय? कलम २१५ चर्च समितीचा उल्लेख करते, म्हणजेच ते अँग्लिकन दफनभूमीपुरते आहे. कॅथलिक धर्मप्रांताची जुनी दफनभूमी या मार्गाने कौन्सिलच्या गळ्यात घालता येत नाही. तिचा भार धर्मप्रांतावर किंवा विश्वस्तांवरच राहतो. १९०६ च्या ओपन स्पेसेस कायद्याने कौन्सिल वापरात नसलेली दफनभूमी मोकळी जागा म्हणून ताब्यात घेऊ शकते, पण ते दोन्ही बाजूंच्या संमतीने. तथापि छळाच्या दीर्घ काळात इंग्लंडमधील कॅथलिकांना स्वतःच्या दफनभूमी क्वचितच होत्या आणि ते गावच्या अँग्लिकन आवारातच पुरले जात. अँग्लिकन विधीशिवाय तेथे दफन करण्याची मुभा तर १८८० साली मिळाली. तेव्हा कौन्सिलचा माळी आज ज्या आवारातील गवत कापतो, तेथे आपल्याच श्रद्धेची कितीतरी माणसे विसावलेली आहेत.

आता युद्धस्मारकांकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर गावकऱ्यांनी वर्गणी काढून, समित्या नेमून ती उभारली. काम झाले, समित्या विसर्जित झाल्या आणि मालक कोण हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहिला. १९२३ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलला, स्मारक तिच्या मालकीचे असो वा नसो, त्याच्या देखभालीवर व दुरुस्तीवर वाजवी खर्च करण्याचा अधिकार दिला. १९४८ साली त्यात नंतरच्या युद्धातील नावे कोरण्याची सोय झाली. अधिकार दिला, कर्तव्य मात्र लादले नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था सैनिकांच्या कबरींची काळजी घेते. ब्रिटनमध्ये अशा कबरी १२,००० हून अधिक ठिकाणी विखुरलेल्या आहेत. गावच्या स्मारकाशी मात्र तिचा संबंध नसतो. त्यामुळे एकाच बंद आवारात सैनिकाच्या कबरीची शिळा कमिशनकडे, भोवतीचे गवत व भिंत कौन्सिलकडे आणि त्याच सैनिकाचे नाव कोरलेला स्मारकक्रूस कोणाकडेच नाही, असा प्रसंग येऊ शकतो. १९९७ साली स्थापन झालेली वॉर मेमोरियल्स ट्रस्ट अशा स्मारकांसाठी सल्ला देते. चर्चच्या जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करता येतो का, अशी शंका १८९४ च्या कायद्यातील शब्दांमुळे पॅरिश कौन्सिलांना पडत असे. २०२३ च्या एका कायद्याने ती दूर करण्याचा प्रयत्न झाला आहे.

कौन्सिलच्या हाती असलेल्या एका स्मारकाशी मुंबईचा थेट संबंध आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटन येथील रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेरील पॅचमच्या टेकडीवर झाले. त्या जागी संगमरवरी ‘छत्री’ उभारण्यात आली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले आणि देखभाल ब्रायटनच्या कौन्सिलकडे आली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या सरावातील गोळ्यांनी तिचे दगड जखमी झाले. युद्धानंतर दुरुस्ती करावी लागली. १९५१ पासून माजी सैनिकांची संघटना तेथे दरवर्षी मानवंदना देऊ लागली. छत्रीवर त्या ५३ जणांची नावे नव्हती. ती २०१० साली वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने शेजारी उभारलेल्या भिंतीवर कोरली गेली.