गोचीडजन्य विषाणुरोग

गोचिडाच्या दंशाने, किंवा गोचीड चिरडताना हाताला लागलेल्या रक्ताने, माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या विषाणूंपासून होणारे रोग. युरोप-सायबेरियातला गोचीडजन्य मेंदूज्वर आणि उत्तर अमेरिकेतला पोवासान ज्वर हे त्यांतले परिचित. भारतात असे दोन रोग माणसाच्या जिवावर उठले आहेत : क्यासनूर जंगलरोग, म्हणजे कोकण-गोव्यात ज्याला माकडताप म्हणतात तो, आणि क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. या दोन्हींच्या गाजलेल्या साथींत मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठीबहुल तालुक्यांचे (2023 पासून पांढुर्णा जिल्हा) नाव येत नाही. तेवढ्यावरून मुलूख निर्धोक ठरवणे चूक, आणि गोठ्यात गोचीड दिसला म्हणून घाबरून जाणेही चूक. कोणत्या जातीचा गोचीड, कोणत्या जनावरावर आणि माणसाशी त्याची गाठ कशी पडते, यावर सारे अवलंबून असते. या कसोटीवर पाहिले तर इथे माकडतापाची भीती थोडी आहे. लक्ष ठेवायला हवे ते काँगो तापावर.

माकडताप हा जागेला बांधलेला रोग आहे. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आडवी झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) आधी पीतज्वराचा संशय आला. तपासात निघाला रशियन मेंदूज्वराच्या कुळातला एक नवाच विषाणू. गोचीड जन्मात तीनदा रक्त पितो : सहा पायांची अळी असताना, आठ पायांचे पिल्लू असताना आणि प्रौढ झाल्यावर. या रोगाचा मुख्य वाहक हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा हा अळी असताना उंदीर-चिचुंद्र्यांवर व पाखरांवर पोसला जातो, पुढे माकडांवर आणि प्रौढपणी गुरांवर. माणसाला चावते ते बहुधा पिल्लू. तिळाहून बारीक असलेले हे पिल्लू पावसाळा सरल्यावर पाचोळ्यात दबा धरून असते, म्हणून रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजू वेचण्याचा काळही नेमका तोच. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016-17 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा भागात रोग पसरला तेव्हा काजूच्या बागांतले मजूर त्याच्या तावडीत सापडले, यात नवल नव्हते. त्याआधी तो 2012 मध्ये बंदीपूरला आणि 2013 मध्ये वायनाडला पोचला होता. पसारा वाढला खरा, पण पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच. कच्छ-सौराष्ट्रातल्या जुन्या रक्तनमुन्यांत या विषाणूशी जुळणारी प्रतिपिंडे आढळली होती, असा आक्षेप येतो. पण एकाच कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडे चाचणीत एकमेकांची सोंगे घेतात. पांढुर्णा-सौंसरकडच्या सातपुड्यातही वानरे आहेत, गुरे आहेत, मोह आणि तेंदूपत्त्यासाठी रानात शिरणारी माणसेही आहेत. मात्र सागाचे पानगळीचे रान म्हणजे घाटातले ओलसर जंगल नव्हे.

काँगो तापाला जंगल लागत नाही, त्याला गोठा पुरतो. त्याचा वाहक हायलोमा जातीचा गोचीड कोरड्या, गुरेबहुल मुलखात रमतो. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांच्या रक्तात विषाणू आठवडाभर राहतो आणि जनावर आजारी दिसतही नाही. गवळाऊ बैलांच्या या टापूत पशुपालकाची रोजची सवय म्हणजे कानामागचा, कासेजवळचा फुगलेला गोचीड बोटांनी उपटायचा आणि नखावर किंवा दगडाने फोडायचा. बोटाला चीर असली की दंशाचीही गरज उरत नाही. कसायाचा सुरा, जनावरांची चिकित्सा, शेवटी इस्पितळातला रुग्णाचा रक्तस्राव, या वाटांनीही तो पसरतो. जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळच्या कोलाट गावातील एका स्त्रीच्या मृत्यूने भारतात हा रोग पहिल्यांदा सिद्ध झाला. तिच्यावर उपचार करणारा एक डॉक्टर आणि एक परिचारिकाही दगावली. जगभर या तापात दर शंभरांत 10 ते 40 रुग्ण मरतात.

यावर पहिला आक्षेप गोपालकाचाच असेल : पिढ्यान्‌पिढ्या ढोरांना गोचीड आहेत, कोणाला काय झाले? आक्षेपात तथ्य आहे. गोठ्यात सर्रास दिसणारा निळसर गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, अख्खे आयुष्य एकाच जनावरावर काढतो आणि माणसाकडे क्वचितच वळतो. हायलोमा मात्र मध्येच जनावर सोडतो, भिंतीच्या फटीत शिरतो, नवा पोशिंदा शोधतो. दोन्ही एकाच गोठ्यात नांदू शकतात, आणि पाहणाऱ्याला दोन्ही गोचीडच. दुसरा आक्षेप असा की रुग्णच नाही तर विषाणू कुठला? त्याचे उत्तर काँगो तापाच्याच इतिहासात आहे. भारतातल्या रक्तनमुन्यांत त्याची प्रतिपिंडे 1970 च्या दशकातच दिसली होती. पहिला रुग्ण सिद्ध व्हायला 2011 उजाडले. त्यानंतर पुण्याच्या संस्थेने 22 राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशातल्या जनावरांचे 5,636 नमुने तपासले, त्यांत 354 मध्ये प्रतिपिंडे निघाली. ज्या देशात विषाणू गुरांत इतका विखुरलेला आहे तिथे एखाद्या तालुक्यात रुग्णाची नोंद नसणे हा फार लंगडा पुरावा ठरतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. या भागात तापाची कारणे काय थोडी आहेत? डेंग्यू आहे, हिवताप आहे, माइटच्या अळ्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस आहे, आणि 1965 मध्ये नागपूर जिल्ह्यात सापडलेला चांदीपुरा विषाणूही आहे. (चांदीपुराचा वाहक वाळूमाशी, त्याला गोचिडाच्या खात्यावर मांडू नये.) मग प्रत्येक तापकऱ्याची काँगो तपासणी करायची का? मुळीच नाही. ताप, प्लेटलेट घटलेल्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आणि गेल्या पंधरवड्यात जनावरांशी संबंध, एवढे जुळले तरच नमुना पाठवावा आणि त्या घडीपासून कर्मचाऱ्यांनी हातमोजे-मुखपट्टी लावावी. इथली खरी अडचण सीमेची आहे. दोडामार्गचा रुग्ण उपचाराला गोव्यात बांबोळीला जातो, तसा सौंसरचा नागपूरला जातो. गाव एका राज्यात, केसपेपर दुसऱ्यात. नागपूरच्या डॉक्टरने रुग्णाच्या पत्त्याबरोबर त्याच्या गोठ्याचीही विचारपूस करावी आणि ती माहिती पांढुर्ण्याच्या आरोग्य व पशुवैद्यकीय खात्यांना कळवावी.

गोपालकाने गोचीड चिमट्याने, कातडीलगत धरून काढावा, साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाकावा आणि हात धुवावेत. नखावर फोडू नये. भारतात काँगो तापावर माणसांसाठी लस उपलब्ध नाही.