काळी नदीच्या मुखाशी मुक्काम

मल्लेश्वरमात राहणाऱ्या मराठी माणसास ‘काडु मल्लेश्वरा’चे देऊळ ठाऊक नाही असे सहसा होत नाही. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. १८९८ च्या प्लेगनंतर ही वसाहत झपाट्याने वाढली. त्याआधी हा महादेव खरोखरच रानात होता. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांच्या १६६९ च्या दानलेखात या देवस्थानास गाव इनाम दिल्याचा उल्लेख आहे, ही गोष्ट आपण पाहुण्यांस अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या चारच वर्षे आधी एकोजींचे वडील बंधू याच कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकास, समुद्रकाठच्या रानाच्या तोंडाशी, डेरे देऊन राहिले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आज हौशी मंडळी त्याच परिसरात तंबूत व लाकडी कुट्यांत सुट्टी घालवण्यास जातात. त्या किनाऱ्यावर परक्या माणसाने रात्र कोठे व कशी काढली, याचा वृत्तान्त आम्ही येथे मांडीत आहोत.

कारवारचा किनारा इतर कोकणासारखा सुखासुखी वस्तीस जागा देणारा नव्हे. सह्याद्रीचे फाटे येथे थेट समुद्रात उतरतात. मध्ये काळी नदीचे रुंद मुख आहे, उत्तर तीरावर सदाशिवगडाची टेकडी आहे, समोर बेटे विखुरली आहेत. पाऊस दरसाल शंभर इंचांहून अधिक पडतो. अशा ठिकाणी आसरा म्हणजे चैनीची बाब नसे, प्राण वाचविण्याची बाब असे.

फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणाहून आरमार घेऊन निघाले. तीन मोठी जहाजे व पंचाऐंशी गलबते बरोबर होती, असे इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांवरून दिसते. बसरूर लुटून, गोकर्णास तीर्थस्नान करून महाराज अंकोल्यास आले. तेथून त्यांनी बहुतेक आरमार परत धाडले. वाटेतील नद्या ओलांडण्यापुरती बारा गलबते तेवढी ठेवली आणि २२ तारखेस ते कारवारास पोचले. ही बारा गलबतांची तजवीज आम्हांस मोठी मार्मिक वाटते. या किनाऱ्यावर दर काही कोसांवर खाडी आडवी येते. होडी नसेल तर फौजही अडून बसते, हे या मुलखाचे खरे शास्त्र त्यांनी आधीच जाणले होते.

योगायोग असा, की विजापूरकरांचा सरदार शेरखान आदल्याच रात्री कारवारात येऊन दाखल झाला होता. महाराज येत असल्याची त्यास कल्पना नव्हती. वार्ता कळताच त्याने गावाचा बंदोबस्त केला, आणि महाराजांनी गावातून जाऊ नये असा निरोप धाडला. महाराजांनी झुंज टाळली व थोडे दूर सरून नदीच्या मुखाशी तळ दिला. मात्र जाता जाता इंग्रजांना आपल्या हवाली करावे, नाहीतर शेरखानाने तरी बाजूस व्हावे, अशी मागणी केली. इंग्रजांनी आपला रोकड ऐवज आधीच खाडीतल्या एका मस्कतच्या जहाजावर चढवून ठेवला होता. अखेर गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी जमवून खंडणी दिली. इंग्रजांच्या वाट्यास त्यातले ११२ पौंड आले. शेरखानाने आपली शिमग्याची शिकार नासवली, असे महाराज चरफडून म्हणाल्याची बातमी इंग्रजांनी नोंदली आहे. पुढे १६७५ मध्ये फोंडा घेतल्यावर कारवार, अंकोला हा मुलूख स्वराज्यात आला, ती हकीकत वेगळी.

त्याच सुमारास कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर दुसऱ्या एका तळाची कथा संपत होती, आणि ती करुण आहे. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजास आंदण मिळाले, हे आपण शाळेत शिकतो. ते ताब्यात घेण्यास सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपायांनिशी १६६२ मध्ये आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्यास नकार दिला. सुरतेच्या वखारीनेही या शिपायांस आसरा देणे टाळले, तेव्हा ती पलटण अंजदीवावर उतरली. तेथे ना धड घरे, ना पुरेसे अन्न, ना औषध. तशात या किनाऱ्याचा पावसाळा! तापाने व हगवणीने माणसे पटापट मेली. १६६४ मध्ये शिपमनही गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा एकदाचा मिळाला, तेव्हा तो घेण्यास जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे उरली होती. म्हणजे ज्या महिन्यात महाराज काळीच्या मुखाशी उतरले, त्याच महिन्यात अंजदीवावरून उरलेल्यांच्या हाती मुंबई गेली. एक तळ एका रात्रीचा व दुसरा अडीच वर्षांचा. पहिल्यास मुलूख ठाऊक होता, दुसऱ्यास नव्हता. आमच्या मते सारा फरक तेवढ्यातच आहे.

इंग्रजी अमलात मुक्कामाची सोय सरकारी झाली. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि कारवार हे जिल्ह्याचे ठाणे झाले. रस्ते झाले, तसे रस्त्यांवर एका मजलेच्या अंतराने बंगले उभे राहिले. डाकबंगला, मुसाफरी बंगला, जंगलखात्याचा बंगला अशी त्यांची निरनिराळी नावे. पण कौलारू छप्पर, भोवती पडवी, भिंतीवर नियमांचा तक्ता आणि कोंबडीखेरीज दुसरे काही रांधता न येणारा खानसामा, हा थाट सर्वत्र सारखाच. नोकरीनिमित्त आम्हांसही असल्या बंगल्यांत पुष्कळ रात्री काढाव्या लागल्या. तेथली भेटीची वही चाळणे हा आमचा आवडता उद्योग. साहेब बदलले, राज्य बदलले, तरी गळक्या छपराची तक्रार कायम!

देशी प्रवाशास मात्र हे बंगले परकेच होते. तो धर्मशाळेत उतरे, देवळाच्या ओवरीत पथारी टाकी, तीन दगडांची चूल मांडी. धर्मशाळेत भाडे नसे. पण जात विचारली जाई, आणि कित्येकांस तर पडवीही मिळत नसे. जुन्या आतिथ्याचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे.

ज्या १८८३ साली कॅम्बेलसाहेबांच्या मुंबई गॅझेटियरचा कानडा जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला, त्याच साली बावीस वर्षांचा एक तरुण कारवारास येऊन राहिला. त्याचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकूर, सनदी परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ, हे तेथे न्यायाधीश होते. तरुण अर्थात रवींद्रनाथ. एका चांदण्या रात्री मंडळी लहान होडीतून काळी नदीत वरपर्यंत गेली. वाटेत शिवाजी महाराजांच्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी थांबली, आणि नंतर एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून बरोबर नेलेले जेवण जेवली. ओहोटीबरोबर परत येऊन नदीमुखापासून वाळूतून घरी चालत गेली. हे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी कारवारातच लिहिले. न्यायाधीशाच्या बंगल्यात उतरलेल्या कवीच्या स्मरणात राहिले ते कुणब्याचे अंगण, याची आम्हांस मौज वाटते. कारवारच्या पुळणीस आज त्यांचे नाव आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमावादाची चर्चा येथे करण्याचा आमचा हेतू नाही. त्या भागातील घराघरांत कोकणी, मराठी व कानडी या तिन्ही भाषा एका चुलीवर शिजतात एवढेच नोंदवितो. त्याच वर्षी दांडेलीचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून आज काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखली जातात. १९८० मध्ये राज्य सरकारने ‘जंगल लॉजेस’ ही कंपनी बंगळुरात स्थापन केली. तिने पुढे काळीच्या मुखाशी देवबाग येथे सुरूच्या बनात खांबांवर उभ्या लाकडी कुट्या बांधल्या. तेथे जाण्यास होडीच लागे. वनखात्यानेही दांडेलीजवळ कुळगी येथे तंबूंची वस्ती केली. शिकारी साहेबाच्या बंगल्याची जागा अशा रीतीने सहकुटुंब येणाऱ्या कारकुनाने व शिक्षकाने घेतली, हे चांगलेच झाले.

पण त्याच वर्षांत जे पिढ्यान्‌पिढ्या येथले रहिवासी, त्यांच्या वस्त्या उठत होत्या. सुपे धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले, आणि तेथील अनेक कुटुंबे रामनगरास वसविण्यात आली. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते कारवारजवळ ‘सीबर्ड’ नौदल तळाची कोनशिला बसली, आणि किनाऱ्यावरील कोळी व शेतकरी कुटुंबांस गावे सोडावी लागली. तळ २००५ मध्ये कार्यान्वित झाला. अंजदीव बेट, जेथे डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी नौदलाच्या सात जवानांनी प्राण दिले, तेही आता नौदलाच्या ताब्यात असून सामान्यांस बंद आहे. देशाच्या संरक्षणास व विजेस आमचा विरोध असण्याचे कारण नाही. तथापि दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी ज्या रानात जागा निघते, तेथल्या जुन्या रहिवाशास जागा सोडावी लागते, हे कुट्यांच्या रंगीत पत्रकांत कोठेही छापलेले नसते.

अलीकडे जोयडे तालुक्यात स्थानिक कुटुंबे आपल्याच घरात पाहुणे ठेवू लागली आहेत. तेथल्या कुणब्यांची कंदमुळांची शेती नावाजलेली आहे, आणि ती कंदमुळे पाहुण्याच्या पानात येतात. आम्हांस हा प्रकार सर्वांत पसंत आहे. रवींद्रनाथांना मिळालेले ते सारवलेले अंगण येथे अजून मिळते. जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा. बंगळुराहून संध्याकाळी निघणारी पंचगंगा एक्स्प्रेस सकाळी कारवारास पोचविते. सदाशिवगडाकडे जाताना काळीवर जुन्या पुलाची जागा दिसेल. सुमारे चाळीस वर्षांचा तो पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री नदीत कोसळला. एक मालमोटार चालकासह पाण्यात पडली, आणि त्या चालकास वाचविण्यात आले.