दोन पेन्सिल सेल आणि एक पिवळा पक्षी

गेल्या शनिवारी सोलापूरला घरी गेलो, तर बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधला पांढरा डबा एकदम गप्प. त्यावरचा हिरवा दिवाही लुकलुकत नव्हता. उघडून पाहिला तर आत सेलच नाहीत!

"बाबा, यातले सेल कुठे गेले?"

"रिमोटमध्ये घातलो की. रात्रभर वरडायलंय ते, सारखं च्यूं च्यूं. त्यापेक्षा गिरणीचा भोंगा बरा, ठरल्या वेळी तरी वाजायचा!"

हा डबा म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. तीन वर्षांपूर्वी ऑनसाइटवरून येताना चॉकलेटांसोबत बॅगेतून आणला होता. भिंतीवर लावला, बटण दाबून वाजवून दाखवला आणि पुण्याला निघून आलो. तो च्यूं च्यूं का करतो, हे काही मी सांगितलं नव्हतं. म्हणजे चूक माझीच. तर त्या च्यूं च्यूंची ही गोष्ट.

आजीच्या काळात आमच्याकडे पाणी तापायचं तांब्याच्या बंबात. मधल्या नळीत ढलप्या आणि गोवऱ्या, भोवती पाणी. पण बंब असायचा परसात, उघड्यावर. धूर डोळ्यांत जायचा, एवढाच काय तो त्रास. पुढे फ्लॅट आले, परस गेलं आणि गॅस गीझर थेट बाथरूमच्या भिंतीवर आला. जाळ आपण घरात आणला, पण मोकळी हवा बाहेरच राहिली.

गॅसला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. छोट्या बाथरूममध्ये, थंडी म्हणून खिडकी लावून गीझर चालू ठेवला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवतं. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही की रंग नाही. "वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक" हे इथे चालत नाही. मार्च 2023 मध्ये मुंबईत घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गीझरच्या गॅसवरच होता.

माणसाला जे कळत नाही ते ओळखणारं काहीतरी हवं, हे आधी लक्षात आलं ते खाणींमध्ये. जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले आणि दाखवून दिलं, की बहुतेक खाणकामगार स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. त्यांचा उपाय साधा होता. उंदीर किंवा कॅनरीसारखा छोटा जीव बरोबर न्यायचा. त्याचा श्वास माणसापेक्षा खूप जलद चालतो, त्यामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. पक्षी दांडीवरून पडला, की माणसांनी बाहेर पळायचं. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडी जोडलेली असायची, पक्ष्याला शुद्धीवर आणायला. ब्रिटनच्या खाणींमधल्या शेवटच्या दोनशेएक कॅनरींना निवृत्त करायचं जाहीर झालं ते थेट डिसेंबर 1986 मध्ये!

मग पाळी आली यंत्रांची. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर बनवला, पण त्याला गरम ठेवायला बरीच वीज लागते. आपल्या डब्यात असतो तो बहुधा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, त्याला दोन-तीन पेन्सिल सेल वर्षभर पुरतात. अमेरिकेत या अलार्मला जोर आला 1994 मध्ये. सप्टेंबरमध्ये माजी टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस झोपेतच गेला, कारण नीट न बसवलेल्या स्विमिंग पूलच्या हीटरचा कार्बन मोनॉक्साइड त्याच्या खोलीत शिरला होता. म्हणजे तिथेही पाणी तापवायचंच यंत्र. त्याच वर्षी शिकागोने घरोघरी अलार्म सक्तीचा केला आणि डिसेंबरमध्ये हवा कोंडल्यावर हजारो अलार्म एकदम ठणाणा करायला लागले. लोक वैतागले, पुढे अलार्मचे निकष बदलावे लागले. म्हणजे आमचे बाबा काही एकटे नाहीत :)

आता च्यूं च्यूंकडे. पक्षी गप्प झाला की धोका, हे कुणालाही समजतं. यंत्राचं तसं नाही. ते गप्प आहे म्हणजे हवा चांगली आहे की यंत्रच मेलंय? आमच्या धंद्यातही सर्व्हर पडला की लगेच बोंब होते, पण मॉनिटरिंगच पडलं तर सगळं कसं शांत शांत. म्हणून अलार्म बनवणाऱ्यांनी त्याला स्वतःच्या मरणाची सूचना द्यायला शिकवलं. सेल संपत आले की तो थोड्या थोड्या वेळाने एकदा ओरडतो. इंग्रजीत त्या आवाजाला चक्क 'चर्प' म्हणतात, म्हणजे पाखराची चिवचिव. खाणीतला पक्षी गेला, पण त्याचा आवाज डब्यात राहिला.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सेल कधी बदलायचे, ते सांग की."

अमेरिकेत घड्याळं मागेपुढे करायच्या दिवशी सेल बदला असं सांगतात. आपली घड्याळं कुठे बदलतात! म्हणून आम्ही धनत्रयोदशी ठरवली. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान. थंडी, बंद खिडकी, एकामागून एक चार जणांच्या आंघोळी आणि सलग चालणारा गीझर. वर्षातली सगळ्यात धोक्याची सकाळ तीच.

अर्थात सेल बदलले म्हणजे काम संपलं नाही. सेन्सरलाही वय असतं, साधारण पाच ते दहा वर्षं, डब्याच्या मागे लिहिलेलं असतं. बटण दाबल्यावर वाजला, तर फक्त सेल आणि भोंगा ठीक आहेत एवढंच कळतं. शिवाय वाफेने सेन्सर खराब होतो म्हणून डबा बाथरूमबाहेर लावावा लागतो, म्हणजे बंद दाराआडच्या माणसासाठी तो उशिराच वाजणार. त्यामुळे खरा उपाय म्हणजे गीझरच बाहेर हलवणं. तोवर खिडकी उघडी, बादल्या भरून घ्यायच्या, गीझर बंद, मग आंघोळ.

कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल आणले. दोन अलार्मला, दोन रिमोटला. गीझर बाल्कनीत हलवायला प्लंबर येतोय पुढच्या रविवारी. निघताना बाबा म्हणाले, "आता वरडला तर सेल काढणार नाही. आधी खिडकी उघडतो, मग तुला फोन करतो."

एवढं पुरे.