तळटीप : ‘अपील मंजूर, खर्चाबाबत हुकूम नाही’

जिंकलेल्याचा खर्च त्याच्याच अंगावर राहिला, असा या ओळीचा अर्थ. अमेरिकेत नवरा-बायको एकत्र आयकर विवरणपत्र भरू शकतात, म्हणून तिथे नवऱ्याच्या लपवाछपवीतून निर्दोष बायकोला सोडवणारे कलम (६०१५) लागते. ती जिंकली आणि सरकारची भूमिका रास्त नव्हती, तर कलम ७४३० खाली वकिलाची फीही मागता येते. आपल्याकडे विवरणपत्रे वेगवेगळी. पण नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न त्याच्या उत्पन्नात धरतात, आणि १९६१च्या आयकर कायद्याचे (मार्च २०२६पर्यंत लागू) कलम ६५ तेवढ्या हिश्शाचा कर तिच्याकडून मागू देते. बासरच्या (पूर्वी जिल्हा आदिलाबाद, २०१६पासून निर्मल) बाईला असे लढायचे, तर आयकर अपील न्यायाधिकरण हैदराबादला. अपिलाची फी ५०० ते १०,००० रुपये, वर वकील, आणि तारखेला जायचे म्हणजे कागदांची पिशवी सांभाळत रेल्वेचा लांबचा प्रवास. त्याच कायद्याचे कलम २५४(२बी) खर्च देववण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला देते. तो क्वचितच वापरला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. दाखवलेल्या जागी सही करण्यापलीकडे तिने काही केलेले नसते. — संपा.